पारे

मनोरुग्णालयातून मी तांड्यावर परत आले, तशी घरातली समदी माणसं गोड बोलायला लागली. थोरली जाऊ मिना आधी दिवसभर "ए पारे" म्हणून खेकसायची. ती आता म्हणायची, "पारुबाई, तुमी बसा. तुमाला तकलीफ नको." हातातला झाडूसुद्धा काढून घ्यायची. अशी बडदास्त तर जावयाचीबी न्हाई ठेवत! गोळ्या मी टायमावर घेते, झोप बराबर लागते. मग काहून हे समदे मला भिऊन राहिले?

एक दिवस मी हट्टानं चूल धरली अन् वरणात मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. माझा नवरा देविदास गुमान जेवला. सासरे तर "ब्येस झालं" म्हणत, पाणी पीत पीत जेवले.

मग आमी दोघी जावा बसलो. मिनानं पहिला घास घेतला अन् थुंकलाच.

"पारे! मिठाचं पोतं उलथलं काय? अक्कल कळमनुरीच्या बाजारात इकून आली का?"

देविदास अंगणातून गोळी घेऊन धावत आला. मिनाचा चेहरा पडला. "चुकलं, पारुबाई..."

"पारेच म्हण," मी म्हटलं, "अन् माझी अक्कल इकली तरी जाईल. तुझी फुकटबी कोणी नेणार न्हाई!"

मिनानं पदर खोचला. मीबी खोचला. असं भांडलो, की शेजारच्या बाया हातातली कामं टाकून बघायला आल्या.

देविदास गोळी धरून मधीच उभा. "आता ही कोणाला देऊ?"

आमी दोघी एकदमच वरडलो, "तुमीच घ्या!"