नवऱ्याच्या सहीची ओळ

गर्भपाताच्या फॉर्मवर सातव्या ओळीत ‘पतीची सही’ असं छापलेलं आहे. ती सही लागत नाही. कायद्यात तशी अटच नाही, हे मला बारा वर्षांपूर्वी कळलं. बाई सज्ञान असली की तिची एकटीची सही पुरे. पण आमच्या इस्पितळात कायद्यात नाही म्हणून कागदावरून जातं असं नाही. मूळ प्रतीवर कचेरीचा शिक्का आहे, आणि शिक्क्याच्या कागदाला हात लावायचा तर वरून परवानगी हवी. मी दोनदा मागितली, उत्तर आलं नाही, मग मीही नाद सोडला. तेव्हापासून रोज सकाळी, त्या दिवशी लागतील तेवढ्या झेरॉक्स घेऊन, पट्टी धरून लाल पेनाने मी ती ओळ खोडते. गठ्ठाच्या गठ्ठा एकदम खोडून ठेवला असता तर माझं काय जात होतं, हे मला आता सुचतं.

नोंदणीच्या या खिडकीवर बसते म्हणून घरात मी कमी ऐकलेलं नाही. थोरली बहीण तोंडावर म्हणते, कायद्यात बसलं म्हणून काय चांगलं झालं का? मी म्हणते, मी आपली नाव, वय आणि आठवडे लिहिते. खरं सांगायचं तर मलाही हे काम कधी मनापासून पटलं नव्हतं. त्यामुळे मी बायकांशी कामापुरतंच बोलायची. सहीबद्दल तर चकार शब्द नाही. ओळ खोडलेली दिसली की कुणी विचारतच नाही.

ती सोमवारी आली. शिवणकारखान्यात कामाला, बोटांच्या टोकांना सुईच्या खुणा. दोन महिन्यांपूर्वी दोन मुलींना घेऊन नवऱ्याचं घर सोडलेलं, आणि नंतर कळलं की दिवस गेलेत. डॉक्टरीणबाईंनी तपासून अकरा आठवडे दोन दिवस लिहिले. आमच्याकडे बारा भरायच्या आतच करतात, म्हणून तिला गुरुवार दिला. फॉर्मही गुरुवारीच भरायचा होता. जाताना तिने विचारलं, त्याला कळणार नाही ना? मी म्हटलं, नाव बाहेर जात नाही.

“माझा पत्ता त्याला ठाऊक नाही,” ती म्हणाली, “तेवढं एकच माझं बरं चाललंय.”

बुधवार, गुरुवार मी रजेवर होते. त्याच थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझ्या जागी जन्मनोंदणीचा कारकून बसला. त्याला आम्ही काटेकोर म्हणतो. माणूस नाकासमोर चालणारा, पण रकाना रिकामा दिसला की त्याला चैन पडत नाही. जन्माच्या दाखल्यावर हे गुण चांगले. त्याने नवीन झेरॉक्स काढल्या आणि तिला सांगितलं, सातवी ओळ भरून आणा. तिने विनवण्या केल्या म्हणे. त्याने तिला छापलेलं दाखवलं.

शुक्रवारी खिडकी उघडली तेव्हा रांगेत ती पहिली होती. मागे बाकावर एक माणूस बसला होता, भांग पाडलेला, धुतलेला शर्ट. धाकटी मुलगी त्याच्या मांडीवर होती. थोरली भिंतीला चिकटून उभी होती, त्याच्यापासून हातभर लांब.

“पत्ता बदलायचाय,” ती म्हणाली आणि नवा पत्ता सांगितला. मग खाली बघत एवढंच म्हणाली की घरी परत येशील तर सही देतो म्हणाला. मूल त्यालाही नको होतं. त्याला ती हवी होती, घरात.

तिने फॉर्म आत सरकवला. सातव्या ओळीत भली मोठी सही होती, पुढे तारीख. आणि माझा हात, बारा वर्षांची सवय, पट्टीकडे गेला. डोकं ठिकाणावर यायच्या आत मी त्या सहीवरून लाल रेघ ओढली होती.

“बाई, खोडलंत का?” ती घाबरली. “चुकलंय काही?”

मला खोटं बोलता आलं असतं. नवा नियम आला म्हणायचं, की झालं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला लाज वाटली.

“ही सही लागत नाही,” मी म्हटलं. “कालही लागत नव्हती. चूक आमची आहे. माझी आहे.”

 तिने खिडकीतून हात आत घालून त्या लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं. काटेकोर पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसला होता.

“मग त्याला सांगा ना,” ती हळूच म्हणाली. “जा म्हणावं.”

मी मान उचलून बाकाकडे पाहिलं. आम्ही दोघी आपल्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. आपल्याला बोलावलंय असं समजून तो धाकटीला कडेवर घेऊन उठला आणि खिडकीकडे यायला लागला.