ऋताच्या मुठीचा भात

लवू घाडींनी शिवडीच्या गोदीतल्या कॅन्टीनमध्ये चौतीस वर्षं स्वयंपाक केला. रोज साडेपाचशे-सहाशे माणसांचं जेवण. हमाल, क्रेनवाले, कारकून, अधूनमधून साहेबलोकसुद्धा घाडीमामांच्या हातचं जेवून गेले. पण घरच्या ओट्याजवळ बायकोने, मालनने, त्यांना कधी फिरकू दिलं नाही. “दिवसभर थंय आगीसमोर उभे ऱ्हवतास, घराकडे तरी गप बसा,” असं ती म्हणायची आणि ते बसायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी त्यात बदल नव्हता.

त्या डिसेंबरात मालनच्या भाचीचं बाळंतपण आलं. भाची कुडाळला, आणि तिची आई गुडघे धरून बसलेली. मालनने बॅग भरली आणि ती दहा दिवसांसाठी गावी गेली. मुलगा निलेश बोटीवर होता, तो मार्चशिवाय परतणार नव्हता. सून सलोनी परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. सकाळी सातला भोईवाड्यातल्या घरातून बाहेर पडायची ती चार वाजता यायची. घरी उरले सहा वर्षांची ऋता, साडेतीन वर्षांचा मनू आणि त्यांचे आजोबा. त्यातून मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी.

“बाबा, मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे डबा सांगितलाय,” सलोनी म्हणाली. “तुम्ही फक्त गरम करून वाढा.”

लवूंनी चष्मा कपाळावर चढवला. “डबो? आमच्या घरात? सहाशे माणसांक जेवूक घातलंय मी, सलोनी. ह्या दोन पोरांक घालूक जमाचा नाय?”

सलोनीने गुपचूप फोन करून डबा नको म्हणून कळवलं.

सोमवारी सकाळी लवूंनी बनियनवर टॉवेल खोचला आणि तूरडाळीचा डबा उघडला. हात आपोआप आत गेला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. कुकरमध्ये मावेना म्हणून दोन खेपा लावल्या. मिरच्या किती ते त्यांनी मोजलं नाही, मोजायची सवयच नव्हती. मिठाच्या बरणीत हात घातला तेव्हा बरणीचं तोंड अरुंद आहे एवढंच त्यांना जाणवलं. साडेबारापर्यंत घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काठोकाठ भरून डाळ झाली होती आणि दुसऱ्या पातेल्यात तेवढाच भात.

मनूने एक घास घेतला आणि जीभ बाहेर काढून तशीच ठेवली.

“आजोबा, ही डाळ चावते.”

“डाळ चावता? आपण डाळीक चावतो रे.”

“नाही. तीच चावते.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऋता जरा मोठी, म्हणून तिने तीन घास निमूटपणे खाल्ले. मग म्हणाली, “आजीचं वरण पिवळं असतं. हे लाल का आहे?”

दोघं केळी आणि बिस्किटं खाऊन झोपली. लवू पातेलं घेऊन दारोदार हिंडले. समोरच्या प्राचीला एक डबा दिला, खालच्या वॉचमनला दिला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या दोघांना दिला. तरी पातेलं निम्मं. दुपारी सलोनी आली, जेवायला बसली आणि तिने ताट संपवलं. मध्ये तीन पेले पाणी प्याली. “छान झालंय बाबा,” असं ती उठताना म्हणाली. पोरांनी तोंड वाकडं केलं त्यापेक्षा लवूंना हे जास्त लागलं.

त्यांनी बाल्कनीत जाऊन मालनला फोन लावला.

“मालन, वरणात मीठ किती घालतंस गो तू?”

“लागता तेवढा.”

“लागता म्हणजे किती?”

“ता माका काय म्हायत? माझ्या हाताक म्हायत.” पलीकडे कुणीतरी हसलं. “कित्या? खारट झाला?”

“नाय, नाय. उगीच इचारलंय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी त्यांनी सगळंच हात आखडून केलं. पोहे घशाला कोरडे पडले, भात तळाला लागला, भाजीत मीठच नव्हतं. मनूने ताट पाहिलं आणि सरळ केळ्याकडे बोट दाखवलं. लवू ओट्याला टेकून उभे राहिले. गोदीत कधी डाळ बिघडली असती तर हमालांनी टेबलं बडवली असती आणि चार शिव्या हासडून मोकळे झाले असते. त्याचं काही नव्हतं. इथे दोन पोरं शहाण्यासारखी उपाशी राहायला तयार होती.

दुपारी बाहेरच्या खोलीत ऋताने भातुकली मांडली. पितळेची छोटी पातेली, चुटकीएवढी चूल, बोटभर लांबीचा झारा. जेवायला आले होते दोन बाहुल्या, एक डोळा निखळलेलं अस्वल आणि मनूचा पिवळा ट्रक.

“आजोबा, तू येतोस? आम्हाला आचारी पाहिजे.”

“मी आचारीच आसंय.”

“तसा नको. खोटा खोटा आचारी.”

लवू भिंतीचा आधार घेत खाली बसले. मांडी घालायला थोडा वेळ लागला. “किती माणसां जेवूक?”

“पाच. मनू आणि ट्रक धरून.”

“ट्रक भात खाता?”

“तो डिझेल पितो,” मनू म्हणाला. “पण पंगतीत बसतो.”

लवूंनी खोट्या डब्यात खोटा हात घातला आणि खोटे तांदूळ पातेल्यात ओतले. ऋताने कपाळावर हात मारून घेतला.

“अरे, एवढा नाही! सांडला सगळा. तू ना, मूठ केवढी घेतोस! हे बघ.” तिने आपली मूठ वळून दाखवली. “एक मूठ बाहुलीला. एक हिला. मीठ असं.” तिने तीन बोटं जुळवून चिमूट केली, पातेल्यावर धरून जराशी चोळली. अगदी मालन करायची तशीच.

लवूंनी तिची मूठ आपल्या हातात घेतली. लिंबाएवढी मूठ, त्यांच्या तळहातात कुठल्या कुठे हरवून जात होती. त्यांचा पंजा म्हणजे भात वाढायचा डावच. चौतीस वर्षं त्याच पंजाने त्यांनी मीठ उचललं, तिखट उचललं. त्याला सहाशे माणसांचा अंदाज पाठ होता, दोन पोरांचा त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता.

“ऋता,” ते म्हणाले, “चल, आता खरा खरा करूया.”

“भातुकलीच्या पातेल्यात?”

“पातेला मोठा. मूठ तुझी.”

ऋताला स्टुलावर उभं केलं, गॅसपासून लांब, तांदळाच्या डब्यापाशी. मनू खाली बसून मोजणार होता, आणि त्याला चारपर्यंतच येत होतं.

“तू किती मुठी खातंस?” लवूंनी विचारलं.

“तीन.”

“आणि मनू?”

“शंभर,” मनू म्हणाला.

बरीच घासाघीस होऊन मनू चारावर उतरला, पण मुठी त्याच्या स्वतःच्या. आजोबांसाठी ऋताने आपल्या सहा मुठी धरल्या. तूरडाळीच्याही तशाच मुठी मोजल्या, पण तांदळाच्या निम्म्या. मिठाची चिमूट ऋताची, हळदीची मनूची, आणि ती त्याने अर्धी स्वतःच्या शर्टाला पुसली. मिरची एकच, तीही अख्खी, म्हणजे काढून टाकता येईल. लवू मध्ये मध्ये हात पुढे करायचे आणि ऋता त्यांच्या मनगटावर चापट मारायची. तीन शिट्ट्या झाल्या. वरण पिवळं झालं.

मनूने ट्रक शेजारी उभा केला आणि बोलता बोलता वाटी रिकामी केली. मग आणखी मागितलं. लवूंनी पातेलं वाकडं करून दाखवलं.

“संपला रे.”

गोदीत भात संपला की त्यांचं तोंड काळंठिक्कर पडायचं. आज ते रिकामं पातेलं त्यांनी दोनदा वाकडं करून पाहिलं आणि मनूला केळ्याऐवजी स्वतःच्या ताटातला भात दिला.

बुधवारी तांदळाच्या पिठाचे घावणे झाले. लवूंनी गोल घातले, पण मनूच्या हट्टापायी एक ससा, एक विमान आणि एक ‘काहीतरी’ घातलं गेलं. ते ‘काहीतरी’ सगळ्यात आधी संपलं. सलोनीसाठी चार ठेवले होते, तेही तिने उभ्या उभ्याच खाल्ले. या वेळी ती छान झालंय म्हणाली नाही, “आणखी आहेत का?” असं म्हणाली.

गुरुवारी लवूंनी भोईवाड्याच्या बाजारातून वाटाणे आणले. मटारभात करायचा होता. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं आणि दोघांना सोलायला बसवलं. शर्यत लागली. ऋता शेंग फोडून दाणे ताटलीत टाकत होती आणि मनू एक ताटलीत, एक तोंडात. लवूंनी आत तेल तापत ठेवलं, मोहरी टाकली, तडतडली. दोन सुक्या मिरच्या मोडून तेलात सोडल्या तेवढ्यात बाहेरून ऋताची किंकाळी आली.

“आजोबा! मनूने नाकात वाटाणा घातला!”

लवू धावले. मनू वर्तमानपत्राच्या मधोमध बसला होता, शांतपणे, जरा अभिमानानेच. उजव्या नाकपुडीत हिरवं काहीतरी दिसत होतं, आणि लवू बघत असतानाच ते थोडं आत सरकलं.

“हात लावू नको! श्वास तोंडान् घे, बाबा, तोंडान्. आ कर. आ.”

मनूने आ केला. आजोबांचा चेहरा बघून आता त्याला भीती वाटायला लागली होती आणि ओठ थरथरत होते. रडला तर तो नाकानेच श्वास ओढणार. गोदीत माणसाचं बोट कापलं, उकळतं पाणी अंगावर सांडलं, सगळं त्यांनी निभावलं होतं. पण ते पोर असं आ करून त्यांच्याकडे बघत बसलेलं.

ऋता एव्हाना समोरच्या दाराची बेल वाजवत होती. प्राची हेडफोन गळ्यात घेऊनच धावत आली. तिचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं.

“काका, चिमटा वगैरे घालू नका हां, आत जातं. मी रिक्षा, सॉरी, टॅक्सी बघते. खाली डॉक्टर आहेत ना...” ती बोलता बोलता थांबली. “काका, हे काय जळतंय?”

स्वयंपाकघरातून काळपट धूर येत होता. तेलातल्या मिरच्या कोळसा झाल्या होत्या. लवू आत धावले, गॅस बंद केला, पण तोपर्यंत ठसका घरभर पसरला होता. प्राचीला खोकला आला. ऋताला आला. लवूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मनूने तोंड आणखी उघडलं, डोळे मिटले, मान मागे नेली, आणि असा काही शिंकला की वर्तमानपत्रावरची सालं उडाली.

‘टक्’ असा आवाज झाला. वाटाणा खोलीच्या कोपऱ्यातल्या फ्रिजच्या दारावर आपटून प्राचीच्या चपलेपाशी घरंगळत गेला.

क्षणभर सगळे खोकायचेसुद्धा थांबले.

“गेला,” मनू म्हणाला.

लवूंनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. प्राचीने खिडक्या उघडल्या, आणि मग खबरदारी म्हणून त्याला खालच्या डॉक्टरांना दाखवूनही आणलं. डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत बॅटरी मारली आणि सगळं ठीक आहे म्हणाले. मटारभात दुपारी दोनला झाला. मिरचीशिवाय.

सलोनीला हे कसं सांगायचं याची लवू मनात जुळवाजुळव करत होते. चार वाजता दार उघडलं आणि मनू तिच्या पायांना मिठी मारून ओरडला, “आई, मी नाकातून वाटाणा उडवला! फ्रिजला लागला!”

सलोनीने पर्स खाली टाकली. मोबाईलच्या उजेडात त्याचं नाक बघितलं, घसा बघितला, पुन्हा नाक बघितलं. मग लवूंकडे वळली.

“चूक माझीच,” लवू म्हणाले. “मी आत फोडणीकडे होतंय. पोराक एकट्याक बसवूक नको होता.”

सलोनी मनूला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली, त्याच्या केसांतून हात फिरवत. लवू उभेच.

“मी दोन वर्षांची असताना चण्याची डाळ घातली होती कानात,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या आईने तीन दिवस माझ्या वडिलांना सांगितलंच नव्हतं. तुम्ही निदान लगेच कबूल केलंत.” मग तिला काहीतरी आठवलं. “आणि तो वाटाणा कुठे आहे?”

“मी केरात टाकायला सांगितला होता,” ऋता म्हणाली.

“मी धुऊन खाल्ला,” मनू म्हणाला.

सलोनी आधी “शी!” म्हणाली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. प्राचीचा खोकला, आजोबांचं धावणं, चप्पल, सगळं ऋताने पुन्हा करून दाखवलं. लवूसुद्धा हसले, पण हसताना खुर्चीत बसून घेतलं.

जेवताना सलोनीने मटारभात दोनदा वाढून घेतला. “बाबा, उद्या मला डब्याला द्याल हा? जरा जास्त द्या. लॅबमधल्या मुली रोज माझा ब्रेड-जॅमचा डबा बघतात आणि बिचारी म्हणतात.”

लवूंनी ताठ होऊन विचारलं, “किती जणी?”

“पाच.”

“पाच म्हणजे काय, काहीच नाय,” ते म्हणाले आणि लगेच पायात चपला घातल्या. वाटाणे संपले होते, कोथिंबीरही पाहिजे होती. ऋता आणि मनू आधीच दारात होते. पिशवी कोण धरणार यावरून भांडण झालं, मनू जिंकला. पण पिशवी त्याच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होती आणि पायात येत होती. लवूंनी लिफ्टची वाट बघताना खाली वाकून पिशवीच्या बंदांना एक गाठ मारून ते मनूच्या मापाचे केले, आणि तिघे बाजारात गेले.