उत्तरेकडच्या गोलमागे

हार्कबी टाउन हरलं की कुंदाच्या सोमवारची वाट लागायची. आणि त्या वर्षी हार्कबी टाउननं हरायचा विडाच उचलला होता.

हार्कबी हे इंग्लंडच्या उत्तरेतलं गाव. कुंदानं ते कधी पाहिलेलं नव्हतं. तिथला फुटबॉल क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये होता, म्हणजे जिथून खाली घसरलं की पेपरवालेही विसरून जातात अशा जागी. हा क्लब तिच्या साहेबांनी, प्रल्हाद सरांनी, विकत घेतला होता. सर मूळचे इस्लामपूरचे, दुबईत बांधकामाची कंत्राटं घेऊन मोठे झालेले. त्यांच्या बरोबरीचे लोक घड्याळं घेत होते, यांनी क्लब घेतला. पहिल्या वर्षी गळ्यात निळा मफलर घालून फोटो काढून झाले. दुसऱ्या वर्षी धंदा बसला आणि मफलर कुठे गेला कोण जाणे.

प्रेक्षकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम कुंदाकडे आलं, कारण कंपनीच्या जबल अलीतल्या लेबर कॅम्पातल्या मजुरांच्या तक्रारी तीच सांभाळायची. "अनुभव तोच लागतो, कुंदाताई," सर म्हणाले होते. "फक्त माणसं गोरी." खरंच फार फरक नव्हता. कॅम्पात भात गार, हार्कबीत चहा गार. नळ दोन्हीकडे गळके. आणि मालक कधी तोंड दाखवत नाहीत, ही तक्रार दोन्हीकडे ठरलेली.

सीझन ऑगस्टात सुरू झाला तो हरूनच. नाताळच्या तोंडावर टीमच्या मॅनेजरला घरी बसवलं. जानेवारीत गोल मारणारा एकुलता एक पोरगा विकला. एकदा तर मैदान गोठलं म्हणून सामना रद्द झाला. खिडकीबाहेर दुबईचं लख्ख ऊन पडलं होतं आणि कुंदा आत बसून "बर्फामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं लिहीत होती.

घरी, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, भानुदास मात्र क्लबच्या प्रेमात पडला होता. तिच्या नवऱ्याची गोदामातली नोकरी गेल्याला वर्ष होत आलं होतं. आता तो आणि बारावीतली मुलगी पर्णिका, दोघांचे व्हिसे कुंदाच्या नोकरीवर. दिवसभर नोकऱ्यांचे अर्ज, आणि शनिवारी लॅपटॉपवर हार्कबी. "आपली टीम खाली चाललीय गं," असं तो अशा आवाजात सांगायचा की कुंदाला वाटायचं, हा नक्की कुणाबद्दल बोलतोय.

तक्रार करणाऱ्यांत एक क्लिफर्ड होता. रिटायर झालेला बस ड्रायव्हर. बाकीचे शिव्या द्यायचे, हा आधी विचारायचा, तिकडे गरम होतंय का. कधी फोन केला तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लव्ह" म्हणायचा. पहिल्यांदा कुंदा दचकली होती, मग कळलं, तिकडे भाजीवालीलाही म्हणतात.

फेब्रुवारीत क्लिफर्डची बायको मॉरीन गेली. त्यानं लिहिलं, आम्ही दोघं तरुणपणापासून उत्तरेकडच्या गोलमागे उभे राहत आलोय. तिची राख तिथल्या मातीत ठेवता येईल का?

कुंदाला कसंसंच झालं. अस्थी, आणि मैदानात? लोक बूट घालून पळतात तिथं?

"अगं, त्यांची नदीच ती," भानुदास म्हणाला. "हो म्हण. तुझ्या खिशातलं काय जातंय?"

ती हो म्हणणारच होती. पण त्याच आठवड्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं की सीझन संपला की मैदान विकायचं. सौदा झालेला आहे. तिथं गोदामं होणार. काचेच्या टेबलावर बोटानं रेघा ओढत सर समजावत होते, "इथं शेड. इथं ऑफिस. आणि हा उत्तरेकडचा गोल आहे ना, इथं ट्रक वळतील. मेपर्यंत कुणाला पत्ता लागता कामा नये. गावात बोंब झाली की सौदा खलास. आणि मग तुम्ही-आम्ही सगळेच."

कुंदानं जागेवर येऊन क्लिफर्डला उत्तर लिहिलं. गवताच्या देखभालीच्या नियमांमुळे परवानगी देता येत नाही. क्षमस्व. चिडेल बिचारा, तिनं मनाशी म्हटलं, चिडू दे. मॉरीन ट्रकच्या चाकाखाली तरी जाणार नाही.

क्लिफर्ड चिडला नाही. गाव चिडलं. कुणीतरी ते उत्तर फेसबुकवर टाकलं आणि पर्णिका फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. "मॉम, दे आर कॉलिंग यू द विच ऑफ दुबई!"

"म्हणजे चेटकीण ना?" कुंदानं पोळी उलटली. "म्हणू देत. कॅम्पात याहून वाईट म्हणतात."

सरांना मात्र ते झोंबलं. "कुंदाताई, मूठभर राखेला नाही म्हणायचं काय अडलं होतं? मी स्वतः फोन करून हो सांगितलं म्हाताऱ्याला. आपल्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला, हाफटाइमला. कॅमेरा लावू, चार माणसं रडतील, जरा नाव सुधारेल."

"सर, पण मेमध्ये तिथं..."

"मेचं मेमध्ये बघू."

दुपारी कुंदा ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये गेली. गाड्यांचे पत्रे तापलेले, सावली अशी कुठेच नाही. तिनं स्वतःच्या फोनवरून क्लिफर्डला गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मैदान विकलंय. खोदणार आहेत. मॉरीनला तिथं ठेवू नका.

"आधी गवत होतं, लव्ह," क्लिफर्ड म्हणाला. "आता बुलडोझर. माझ्या मॉरीननं तुझं काय बिघडवलंय?"

ती काही बोलायच्या आत फोन बंद झाला. उन्हात उभ्या उभ्या तिला कळलं की आपलं खरं कुणाला पटावं ही पत आपणच त्या गवताच्या बहाण्यापायी घालवली.

क्लिफर्डच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी त्यानं सरळ मालकालाच फोन लावला. कुंदाला बोलावणं आलं तेव्हा टेबलावर फोनचा स्पीकर चालू होता.

"बसा ना, कुंदाताई," सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. मग इंग्रजीत फोनला म्हणाले, "क्लिफर्ड, ती माझ्या समोरच आहे. तिलाच विचार."

"रागावलो नाहीये मी, लव्ह," फोनमधून आवाज आला. काल तो नीट झोपला नसावा. "काल जरा जास्त बोललो. तू सांगशील ते मी धरीन. विकणार आहेत का?"

एवढंच होतं. हो म्हटलं की मॉरीन घरीच राहणार होती, फडताळात का होईना. सर खिडकीबाहेर बघत होते, जणू हे दोघांचं खाजगी बोलणं. कुंदाला पर्णिकाची परीक्षा आठवली. व्हिसा रद्द झाला की बॅगा भरायला किती मुदत मिळते ते तिला पाठ होतं; कॅम्पातल्या कितीतरी जणांना तिनंच ते समजावून सांगितलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझा गैरसमज झाला होता. सॉरी, क्लिफर्ड."

पलीकडे म्हाताऱ्यानं मोठा सुस्कारा सोडला. "हुश्श. होतं असं, लव्ह. मनाला लावून घेऊ नकोस."

सरांनी फोन बंद केला. "यल्ला, चला," ते हसून म्हणाले, "लागा कामाला."

शनिवारी संध्याकाळी भानुदासनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. हाफटाइमपर्यंतच दोन गोल बसले होते. मग गोलमागच्या हिरवळीचा एक चौकोन कापून बाजूला ठेवलेला दिसला. सुटाबुटातला क्लिफर्ड गुडघ्यांवर बसला; हार्कबीच्या कॅप्टननं त्याला कोपराशी धरलं होतं. राख खाली गेली, चौकोन जागेवर बसला. क्लिफर्ड तो तळव्यानं थोपटत राहिला, पोराला झोपवावं तसा. अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"बघ," भानुदास तिच्याकडे वळला. "सरांच्या मागं लागलीस म्हणूनच झालं ना हे? तूच बोललीस ना त्यांच्याशी?"

"बोलले," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या अर्ध्यात उत्तरेकडचा गोल हार्कबीकडे आला. बॉल सारखा जाळ्याच्या मागे जात होता आणि गोलकीपर, जेमतेम मिसरूड फुटलेला, तो आणायला पळत होता. दर वेळी त्या ताज्या चौकोनाला लांबून वळसा घालत होता. टीम खाली चालली होती, घाई होती, लोक ओरडत होते, तरी वळसा.

"पोरगं एकदाही पाय ठेवत नाहीये," भानुदास हळूच म्हणाला.

चौथा गोल बसला तेव्हा सगळं संपल्यातच जमा होतं. हार्कबी खाली गेलं. भानुदासनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"राहू दे," कुंदा म्हणाली. "आहे तोवर बघू दे मला."