फिरतं चाक

थोरले गेल्याची बातमी आली तेव्हा कात्रीबाईच्या हातात चहाचा कप होता. तो निवून गेला तरी तिने खाली ठेवला नव्हता. मग निर्मात्याचा फोन आला: संध्याकाळी शोकसभा आहे, तोवर थोरल्यांच्या सिनेमांतली निवडक दृश्यं जोडून दे.

थोरले आणि धाकटे हे काही भाऊ नव्हेत. दोघं दिग्दर्शक, दोघंही नावाजलेले, आणि एकमेकांचं तोंड पाहत नसत. सिनेमे मात्र दोघांचेही हीच बाई कापत-जोडत आली होती, म्हणून तर तिला कात्रीबाई हे नाव पडलं. याचं त्याला कळू न देता तिने वर्षानुवर्षं तारेवरची कसरत केली होती.

त्या दिवशी हात आपले चालत होते, डोकं सुन्न होतं. संध्याकाळी सभागृहात अंधार झाला, पडद्यावर दृश्यं सरकू लागली. भिंतीला टेकवलेली सायकल आली. माणूस घरात निघून गेलाय आणि चाक अजून फिरतंय. हे दृश्य धाकट्यांचं होतं, आणि धाकटे पहिल्याच रांगेत बसले होते.

"याला म्हणतात थोरल्यांचा हात," मागून एक जाणकार हुंदका आवरत म्हणाले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं बाईला झालं.

सभा संपल्यावर ती धाकट्यांपुढे जाऊन उभी राहिली. आता खरडपट्टी निघणार, हे धरूनच आली होती.

"दादा, चुकलं माझं. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"राहू दे गं." त्यांचे डोळे लाल झाले होते. "तो सिनेमा लागला तेव्हा याचा फोन आला होता. म्हणाला, ते चाक मला दे, बदल्यात माझं हवं ते दृश्य घे. मला वाटलं, टोमणा मारतोय. फोन आपटला मी. तेव्हापासून बोलणं बंद." त्यांनी डोळे पुसले. "कौतुक करत होता गं तो."

मग तेच पुढे म्हणाले,

"माझ्या वेळी त्याचं एखादं दृश्य घाल माझ्यात. फिट्टंफाट होऊन जाईल."

"काहीतरीच काय बोलता? आणि घालायचं तरी कुठलं?"

"आज घातलंस तसंच. चुकून." ते हसले. मग तीही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मात्याचा पुन्हा फोन.

"काल दिलं की सगळं," बाई म्हणाली.

"धाकट्यांचं हवंय. पहाटे झोपेतच गेले."

काल हसलेला माणूस आज नाही, हे बाईच्या डोक्यात शिरेचना. तरी दुपारी ती कामाला बसली. थोरल्यांची दृश्यं एकेक काढून पाहिली, पण प्रत्येक दृश्य तिला पुरतं ओळखीचं होतं. ठरवून चुकायचं कसं, ते काही तिला जमेना. शेवटी थकून तिने धाकट्यांचं चाकच लावलं.

संध्याकाळी तेच सभागृह. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती. पडद्यावर चाक फिरू लागलं, तसे कालचे जाणकार शेजाऱ्याच्या कानाला लागले.

"घोटाळा झालाय. हे थोरल्यांचं दृश्य आहे."

कात्रीबाईने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांना पदर लावला, आणि त्यांची चूक तशीच राहू दिली.