थंड ठेवलेलं बाळ

रेकॉर्डच्या खोलीतल्या काकांना अख्खं हॉस्पिटल शंकासुर म्हणायचं. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, एवढंच त्यांचं काम. पण फाइलमध्ये कुठे काही खटकलं की शंकेची चिठ्ठी जोडून ते ती परत पाठवायचे. आज चिठ्ठीही न पाठवता ते स्वतःच नवजात बाळांच्या विभागात आले आणि धाकट्या डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी फाइल ठेवली.

"मॅडम, या बाळाला तीन दिवस थंड गादीवर ठेवलं होतं. त्या उपचाराचा कोड लावला मी. पण उपचार कशावर, तो आजारच कुठे नाही. शेवटच्या पानावर नुसतं 'बाळ अशक्त' लिहिलंय. अशक्त बाळाला कुणी थंड करतं का?"

"काका, कशासाठी केलं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? डॉक्टर लिहितील तेच मी लावणार. आणि काय लिहा हे मी सुचवायचंही नाही, तसा नियमच आहे. मी आपलं विचारायचं."

बाईंनी ते पान पाहिलं आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. 'जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने मेंदूला इजा, मध्यम स्वरूपाची' असं त्यांनी स्वतः लिहून टाइप करायला दिलं होतं. ती इजा वाढू नये म्हणूनच तर बाळाला थंड ठेवलं होतं. ते वाक्य गायब होतं. त्यांच्या सहीची जागा मात्र न विसरता रिकामी ठेवली होती.

हे कुणी केलं, ते सांगायला ज्योतिषी नको होता. हॉस्पिटल सासऱ्यांचं आणि बाळंतपण केलं होतं थोरल्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे यांच्या नणंदेनं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून बाईंनी या घरात पुष्कळ गिळलं होतं. हे गिळण्यासारखं नव्हतं. मेंदूची इजा कागदावर असली तर बाळाला तपासण्या, व्यायाम, पुढे झटके आलेच तर औषधं, सगळं सरकारकडून हक्कानं मिळणार होतं. नुसतं अशक्त म्हटलं की आईनं त्याला काखोटीला मारून दारोदार फिरायचं आणि प्रत्येक खिडकीवर ऐकायचं, वजन वाढलं की होईल बरं.

बाई फाइल घेऊन तडक सासऱ्यांच्या खोलीत गेल्या. नणंद तिथेच चहा घेत बसली होती.

"बाबा, माझं वाक्य कुणी काढलं?"

सासरे चष्मा पुसू लागले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांचा चष्मा हमखास मळायचा. "सूनबाई, झाकली मूठ राहू दे. बाळ दूध पितंय, घरी चाललंय. उगाच एवढं मोठं नाव कशाला?"

"तीन दिवस त्याला थंड ठेवलं, ते खरं ना?"

"तेही काढून टाकू. बिलात लावणारच नाही."

"उपचार काढला की आजार गेला? मग बाळच काढा की फाइलमधून. बाळंतपण झालंच नाही म्हणू."

नणंदेनं कप खाली ठेवला. "सरळ सांग ना, मला कोर्टात उभी करायची आहे."

"ताई, कुणाचं चुकलं हे मी लिहिलेलं नाही. चुकलं का, हेही मला माहीत नाही. बाळाला काय झालं तेवढंच लिहिलंय."

"आणि लोक तेवढंच वाचून गप्प बसतील?"

"नाही बसणार. विचारतील, तेव्हा आपण उत्तर देऊ."

"आपण? उत्तर मला द्यावं लागेल." नणंदेचा आवाज चढला होता, पण खाली ठेवलेला रिकामा कप तिनं पुन्हा तोंडाला लावला. बाईंना तिची कीव आली. कीव आली म्हणून त्या हटल्या नाहीत.

"या पानावर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्यापासून तुझ्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल," सासरे चष्म्याकडे बघत म्हणाले.

"बघा. आजचा दिवस तर माझा आहे."

विभागात परत येऊन त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं, चांगलं ठसठशीत लिहिलं. खाली सही ठोकली.

"आता काही शंका, काका?"

"नाही मॅडम," काका म्हणाले. "कोड लावून येतो."

"एक मिनिट. आधी हे पान मला हवंय."

कागदावरचं एकदा काढलं ते पुन्हाही काढतील. आईच्या कानावर घातलेलं कोण काढणार? बाईंनी पहिल्याच दिवशी बाळाच्या वडिलांना सगळं सांगितलं होतं, पण घरच्यांच्या तोंडून आईपर्यंत पोचेस्तोवर त्याचंही 'जरा अशक्त आहे' झालं होतं. आई खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी खुर्ची ओढली, पान वाचून दाखवलं, त्याचा अर्थ सांगितला. बाळाचं पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही, पण मदत आजपासून घ्यायची, हेही सांगितलं.

आईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाळंतपणात मी जोर लावला नाही, म्हणून हे झालेलं नाही?"

"असं कोण म्हणालं?"

"आधी थोरल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता सासूबाई रोज म्हणतात."

"आईनं जोर कमी लावला म्हणून असं होत नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि बाळाला नीट धरून ती ताठ बसली. "सासूबाई बाहेर आहेत. त्यांना आत बोलवा आणि हेच पुन्हा वाचा. मोठ्यानं."

बाईंनी दार उघडलं. सासूबाई आत आल्या. त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये बाईंची नणंद उभी होती, फाइलच्या मागावर आलेली. बाईंनी दार उघडंच ठेवलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.