पालथ्या पांढरीतलं लेकरू

"थांबा कडूबाई! आता हात लावू नका," वंदना मॅडम खड्ड्याच्या काठावरून ओरडल्या.

कडूबाईनं खुरपं बाजूला ठेवलं. मातीतून दोन मडकी वर आली होती. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. मॅडम खाली उतरल्या, ब्रशनं माती झाडली, फुटक्या जागेतून आत पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "लहान मूल आहे. तीनेक हजार वर्षांपूर्वीचं."

घनसावंगीकडच्या त्या टेकाडाला पालथी पांढर, म्हणजे उलटलेली जुनी वस्ती, म्हणत. तिथल्या बायांनी पोटची लेकरं मारली, म्हणून शापानं नगरी पालथी झाली, असं जुनी माणसं सांगत. दिवस कलला की तिथं रडू ऐकू येतं, म्हणून मेंढरंही कुणी तिकडं नेत नसे. मॅडम पुरातत्त्व खात्याकडून खोदायला आल्या तेव्हा बाया कामाला जाईनात. कडूबाई गेली. रडू तिला घरातही ऐकू येत होतं, कैक वर्षं.

"मारलं असंल का हो, याच्या मायनं?"

"मारल्याची खूण नाही. हे घर होतं, ही चूल. गेलेलं मूल त्यांनी घरातच ठेवलं. ही वाटी बघा, त्याच्यासाठीच."

कडूबाई वाटीकडं बघत राहिली. तिची पहिली मुलगी पाचवी पुजायच्या आतच गेली होती. नवऱ्यानं, धुळाजीनं, तिला कापडात गुंडाळून नेलं. कुठं, ते बाळंतिणीनं विचारलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी तो मेंढरं कोंडत होता.

"आपली पहिली पोरगी कुठं ठिवली व्हती तुमी?"

त्याचा हात दोरीवरच थांबला. "आज काय काढलंस हे?"

"त्या बायांनी लेकरू चुलीपाशी ठिवलं. मला तर जागा बी ठाव न्हाई."

धुळाजीनं दोरीची गाठ मारली. मग म्हणाला, "वढ्याकाठी. मेंढरं तिकडूनच नेत असतो मी. चल."

ओढ्याकाठी पोचले तेव्हा अजून उजेड होता. रान सपाट करून कुणीतरी ऊस लावला होता. धुळाजी दोन सऱ्या आत गेला, परत आला, दुसरीकडून शिरला. बाहेर आला तेव्हा तोंडावर पात्यांचे ओरखडे होते.

"इथंच बाभळ व्हती, तिच्या बुडाशी ठिवली व्हती. ऊस लागल्यापून मला बी बराबर गवसंना. लई डाव हुडकलं, कडू."

ती चपला काढून बांधावर बसली. धुळाजी मग तिच्याशेजारी टेकला आणि डोक्याचा पटका उतरवून त्यानं मांडीवर घेतला.