शिंगट्यांचा हंडा

"अवो, घरातली भांडी अजून टेम्पोत चढली नायत, न् तुमी हंडा घेऊन नदीवर कुठं चाललाव?" शांती करवादली.

"उद्या डोह बुजवनार हायेत. शिंगट्या कुठं जातील?" काळूराम म्हणाला.

"आपून कुठं जानार, ते कोनी इचारलं? निघाले माशांचं बघायला!"

तिचं खोटं नव्हतं. प्रकल्पाच्या भरावात सगळं गावच उठलं होतं. पण या मिशीवाल्या, बिनखवल्याच्या माशावर काळूरामचा जीव होता. वैशाखातल्या गुडघाभर डोहाशी तो पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात कपारीत घातला. शिंगटीने काटा मारला. अंगठ्यातून रक्त आलं, हात ठणकायला लागला, तरी त्याने मूठ उघडली नाही. दोनच मिळाल्या. एकीचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. एरवी अशी हाताला लागली की परत सोडायची, ही गावाची रीत. आज सोडली असती तर मातीखाली गेली असती. डोंगराखाली, नदीच्या वरच्या अंगाला, बारमाही पाणी होतं. तिथे नेली तर तिची पिल्लं तरी आपल्या नदीत वाढतील, एवढीच त्याची आशा.

हंडा घेऊन तो रिक्षाने डोंगराकडे निघाला. रिक्षा हिसके खात वाटेवरच्या नव्या वसाहतीपाशी आली तोवर हंड्यातलं पाणी निम्मं सांडलं होतं. टेम्पो येऊन पोचला होता, शांती सामान उतरवत होती. तिने हंड्यात डोकावून पाहिलं आणि तिचा राग उतरला.

"पोटुशी हाय ओ ही," ती म्हणाली. लगबगीने कळशी आणून तिने हंडा काठोकाठ भरला. "नलाचं पानी हाय. एकदम सोच्छ."

काळूरामलाही बरं वाटलं. या नळासाठी गावातल्या बाया वीस वर्षं हंडे घेऊन मोर्चे काढत होत्या.

डोंगराखाली त्याने झाकण काढलं, तर दोघी उताण्या. हंड्यातून नळाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा उग्र वास आला. आपला जन्म नदीत गेला आणि एवढं कळू नये? त्याने दोघींना वाहत्या पाण्यात किती तरी वेळ धरून ठेवलं. मिशीसुद्धा हलली नाही. मग तो तिथेच बसून पोरासारखा रडला.

रिकामा हंडा घेऊन तो घरी आला. शांती दारातच उभी होती.

"सोडल्या?"

"सोडल्या."

"पानी कमी तर नाय ना पडलं?"

"नाय," काळूराम म्हणाला. "पुरलं."